बुडबुडा

नायजरच्या पुलाअलीकडे, असाबाला,
सोळा वर्षं मी पंक्चर काढली.
ट्यूब पाण्यात दाबायची, हळूहळू फिरवायची,
जिथे बुडबुडा, तिथे बोट.
मग एकदा ट्रकचं टायर फुटलं, रिम उडाली,
उजवं मनगट तेव्हापासून काही घट्ट धरत नाही.
माउस घट्ट धरायचा नसतोच,
म्हणाली उझोअमाका.

वय तेवीस. औषधाच्या दुकानावर तिची खोली,
दोन कॉम्प्युटर, एक पंखा, खाली जनरेटर.
मला ‘ओगा ओक्वुडिली’ म्हणते,
आणि त्याच दमात माझ्या चुका मोजते.

पहिले काही दिवस माझे कट खडखडायचे,
खड्ड्यातून बस गेल्यासारखे.
बाई बसलेली. टक्. बाई उभी.
“मधे ती उठली कधी?”
उठली असेल की, मी म्हटलं.
ती हसली नाही.
“हात वर निघालाय ना, तिथे अर्ध्यात काप.
उरलेला अर्धा पुढच्या क्लिपमधून घे.
डोळा हातामागे धावतो,
आणि धावणारा पायाखाली बघत नाही.”

हे मला समजलं.
ठिगळ लावण्याआधी दोन्ही अंगं खरवडावी लागतात,
गुळगुळीत रबरावर सोल्यूशन धरत नाही.
इकडून तीन फ्रेम खरवडल्या, तिकडून पाच.

तरी कुठेतरी गळत होतं.
चित्र सांधलेलं, पण दर कटला
खोलीच बदलल्यासारखी वाटायची.
उझोअमाकाने स्क्रीन बंद केला. “आता ऐक.”
एका क्लिपमागे शेजाऱ्याचा जनरेटर,
दुसरीमागे नुसती दुपार.
डोळा फसतो, कान राखणदारासारखा बसून असतो.
मी रेकॉर्डर घेऊन खाली गेलो,
जनरेटरसमोर दोन मिनिटं उकिडवा बसलो, न खोकता,
आणि ती घरघर सबंध प्रसंगाखाली
अस्तरासारखी अंथरली.
बुडबुडे थांबले.

आता हा प्रसंग.
नवरा गेल्याचा फोन येतो,
बाई खुर्चीतून उठते, दाराशी जाते.
खुर्ची नोव्हेंबरातली, असाबाची.
दार जानेवारीतलं, एनुगूचं,
कारण मधे पैसे संपले होते.
आणि मधेच त्या नटीची आई गेली.
मेकअपवाल्या एबेलेने सांगितलं.
नसतं सांगितलं तर माझं काम सोपं झालं असतं.

मोठं करून पाहिलं:
खुर्चीतली बाई दुःख करून दाखवते आहे.
दाराशी पोचलेली
काहीच करून दाखवत नाही.

चार रात्री मी ते एक पाऊल सांधत बसलो.
तळवा असाबात उचललेला, एनुगूत टेकलेला,
आणि मधलं सगळं, शवपेटी, लाल माती, पाहुण्यांचं जेवण,
सेकंदाच्या पंचविसाव्या हिश्श्यात
बसवायचं. बसवायचं म्हणजे
दिसू द्यायचं नाही.
एक फ्रेम मागे. एक पुढे. पुन्हा मागे.

उझोअमाकाने तीनदा पाहिलं.
“कुठाय कट?”
याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नसते.

बायकोने फोनवर पाहिलं, याम सोलता सोलता.
मनगटाने डोळे पुसले, म्हणाली,
छान रडते हो ही.
मग जरा वेळाने, यात तू काय केलंस?
जोडलं, म्हटलं.
काय जोडलं?

त्याची मला सवय आहे.
पंक्चर नीट काढलं की
गिऱ्हाईक परत येत नाही.

पण रात्री खोलीत एकटाच होतो,
ती क्लिप पुन्हा उघडली,
आणि त्या पावलावर बोट ठेवून बसलो,
पाण्यातल्या ट्यूबवर ठेवतात तसं.
वर काही येत नव्हतं.
ते बरं की वाईट, मला ठरवता येईना.

तेवढ्यात वीज आली.
खाली कुणीतरी जनरेटर बंद केला,
आणि सबंध गल्लीला
कट ऐकू आला.